मेंदूत तयार होणारी अफू

दिवाळीच्या फराळातल्या अनारशाला एका बाजूने खसखस लावलेली असते, ती तुम्ही पाहिली आहे. ज्या झाडाचे हे इवलेसे बी, त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर पाडली की पांढरा चीक पाझरतो. हवेत वाळून तो तपकिरी होतो आणि मग त्याला आपण अफू म्हणतो. (बियांत या चिकाचा अंश नावापुरताच असतो, तेव्हा अनारशाला भिण्याचे कारण नाही!) आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची लागवड होते, ती औषधांसाठी.

अफूचे गुण माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत. तिने दुखणे थांबते, झोप येते, जुलाब बंद होतात. तिचे अवगुणही तितकेच जुने आहेत. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली बाळागोळी चाटवीत. त्यापायी मुले दगावत. मोठ्या माणसाला एकदा अफूची चटक लागली की ती सुटणे महाकठीण.

१८०५ च्या सुमारास सेर्टुर्नर नावाच्या एका जर्मन तरुणाने, जो औषधाच्या दुकानात मदतनीस होता, अफूतला मुख्य गुणकारी पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. ग्रीक पुराणातील स्वप्नांच्या देवावरून त्याचे नाव मॉर्फीन पडले. शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना होत असलेल्या मोठ्या माणसाला साधारण १० मिलिग्रॅम मॉर्फीन टोचले की आराम पडतो. १० मिलिग्रॅम म्हणजे किती? खसखशीचे तीसेक दाणे मोजून तळहातावर घ्या, जवळजवळ तेवढे वजन!

येथे विचार करण्यासारखा प्रश्न उभा राहतो. झाडाच्या चिकातला एक पदार्थ, तोही एवढासा, माणसाच्या मेंदूवर इतका नेमका परिणाम कसा करतो? त्या झाडाचा आणि आपल्या मेंदूचा संबंध काय?

डाव्या पायाची चप्पल

रसायनशास्त्रज्ञांनी मॉर्फीनसारखी अनेक औषधे प्रयोगशाळेत बनवली. त्यांच्याकडे पाहताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे त्यांपैकी काही विलक्षण प्रभावी होती. एटॉर्फीन हे औषध मॉर्फीनच्या हजारपटीहून अधिक जोरकस आहे. हत्तीला बेशुद्ध करायला त्याचे काही मिलिग्रॅम पुरतात. एवढ्या थोड्या पदार्थाने साऱ्या शरीरभर पसरून काही साधणे शक्य नाही. तो कुठेतरी मोजक्या, ठराविक जागीच जाऊन बसत असला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. लेव्हॉर्फनॉल नावाचे एक वेदनाशामक आहे. आरशात दिसावी तशी त्याच्या रेणूची उलट प्रतिमा असलेला दुसरा रेणूही बनवता येतो. अणू तेच, तितकेच, एकमेकांना जोडलेलेही तसेच. फक्त डाव्याचे उजवे झालेले. पहिला मॉर्फीनसारखे काम करतो, दुसरा करत नाही. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून पाहा, म्हणजे हे कसे ते समजेल. चप्पल बसते किंवा बसत नाही याचा अर्थ तिला बसण्यासाठी एका विशिष्ट आकाराचा पाय आहे.

अशा जागेला ग्राही म्हणतात. पेशीच्या आवरणात रुतलेला तो प्रथिनाचा एक मोठा रेणू असतो. कुलपात किल्ली बसावी तसा त्याच्या खाचेत योग्य आकाराचा लहान रेणू बसला की पेशीच्या आत काही बदल घडतो. कधी कधी एखादी किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही, आणि खऱ्या किल्लीची वाटही अडवून ठेवते. नॅलॉक्झोन हे औषध अशी अडून बसणारी किल्ली आहे. मॉर्फीनची मात्रा जास्त झाल्याने ज्याचा श्वास बंद पडत चालला आहे अशा रोग्याच्या शिरेत नॅलॉक्झोन टोचले तर दोन-तीन मिनिटांत तो श्वास घेऊ लागतो. या औषधाचे नाव ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या कथेत तेच साक्षीदार आहे.

असे ग्राही खरोखर आहेत हे १९७३ साली तीन ठिकाणी, स्वतंत्रपणे सिद्ध झाले : अमेरिकेत बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, न्यूयॉर्कला एरिक सायमन यांनी आणि स्वीडनमध्ये उप्साला येथे लार्स टेरेनियस यांनी. बाल्टिमोरचा प्रयोग सांगायला सोपा आहे. उंदराचा मेंदू वाटून त्याच्यात किरणोत्सारी नॅलॉक्झोन मिसळायचे. मग तो लगदा गाळून धुवायचा. सैल राहिलेले नॅलॉक्झोन धुण्यात वाहून जाते, ग्राहींना चिकटलेले मागे उरते, आणि ते किती ते किरणोत्सारावरून मोजता येते.

हे ग्राही मेंदूत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. मज्जारज्जूत जेथे वेदनेचे संदेश प्रथम येऊन पोचतात तेथे ते दाट असतात. मेंदूच्या भावनांशी निगडित भागांत असतात. मेंदूच्या बुंध्याशी जे श्वसनाचे केंद्र आहे तेथेही असतात. वेदना थांबणे, सुख वाटणे आणि जास्त मात्रेने श्वास बंद पडणे या अफूच्या तिन्ही परिणामांचा जणू नकाशाच हाती आला.

पण नकाशाने मूळचे कोडे वाढवले. हॅगफिश या आदिम जलचरापासून माकडापर्यंत ज्या ज्या पृष्ठवंशी प्राण्याचा मेंदू तपासला त्यात हे ग्राही सापडले. हॅगफिशने अफूचे शेत कधी पाहिले होते? एखाद्या गावातल्या प्रत्येक घराला एकाच घडणीचे कुलूप दिसले, तर गावात कुठेतरी त्याची किल्लीही असणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा! प्राण्यांच्या शरीरातच असा काही पदार्थ तयार होत असला पाहिजे की ज्याच्यासाठी हे ग्राही आहेत. अफूचा चीक हा त्या कुलपाला योगायोगाने लागलेली दुसरीच किल्ली ठरला.

याला पुष्टी देणारा एक पुरावा आधीच पडून होता. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूच्या मध्यभागी एका विशिष्ट जागी बारीक तार बसवून सौम्य वीजप्रवाह सोडला होता. प्रवाह चालू असताना भूल न देता त्या उंदराच्या पोटावर शस्त्रक्रिया करता आली. मेंदूपाशी वेदना बंद करण्याची स्वतःची काही सोय आहे, हाच याचा अर्थ.

सायकलवरून कत्तलखान्यात

किल्लीचा शोध लागला तो स्कॉटलंडमधील ॲबर्डीन या बंदराच्या गावी. हान्स कॉस्टर्लिट्झ हे मूळचे बर्लिनचे, जन्म १९०३ चा. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला आणि १९३४ साली ते ॲबर्डीनला आले. तेथेच अध्यापन करून १९७३ साली सत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांनी नवी प्रयोगशाळा उघडली! जॉन हयूज हे त्यांचे तरुण सहकारी, वय तिशीच्या आसपास. हयूज भल्या पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जात आणि डुकरांची ताजी डोकी करवतीने फोडून मेंदू घेऊन येत. किळस वाटली ना? पण मेंदूतून अत्यल्प प्रमाणात असलेला पदार्थ काढायचा तर मेंदू पुष्कळ लागतात, आणि ते थंड ठेवून ताबडतोब हाताळावे लागतात.

मेंदू वाटून, गाळून, निरनिराळ्या द्रावकांनी त्याचे भाग पाडून शेवटी अर्क उरे. त्यात अफूसारखे काही आहे की नाही हे ओळखायचे कसे? यासाठी कॉस्टर्लिट्झ यांच्याकडे एक फार साधे साधन होते : गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा. कोमट क्षारद्रावणात तो टांगून ठेवला आणि विजेचे हलके झटके दिले की तो दर झटक्याला आकसतो आणि त्याची नोंद कागदावर उमटते. द्रावणात मॉर्फीन टाकले की आकसणे मंदावते. आतड्यातही अफूचे ग्राही असतात, म्हणूनच अफूने जुलाब थांबतात. आतड्याच्या जोडीला नर उंदराची शुक्रवाहिनीही ते अशाच रीतीने वापरीत.

डुकराच्या मेंदूचा अर्क टाकला. आकसणे मंदावले.

येथे थांबून तुम्ही स्वतःला विचारा : एवढ्याने सिद्ध झाले का? मुळीच नाही. आतड्याचे आकसणे थांबवणारे शेकडो पदार्थ आहेत, एखादे जहरही ते करील. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. त्याच द्रावणात नॅलॉक्झोन टाकले आणि आतडे पुन्हा पूर्वीसारखे आकसू लागले. अर्कातला पदार्थ अफूच्याच कुलपात बसला होता, नाहीतर नॅलॉक्झोनने त्याला अडवलेच नसते. प्रयोगाची सारी ताकद या दुसऱ्या पायरीत आहे. वर्गात प्रयोग शिकवताना आपण पहिल्या पायरीवरच समाधान मानतो की काय, हे शिक्षकांनीही एकदा तपासून पाहावे.

हा पदार्थ मॉर्फीन नव्हता. प्रथिने तोडणारी काही विकरे त्यात मिसळली की त्याचा गुण नाहीसा होई. म्हणजे तो प्रथिनांच्या कुळातला होता, पण अगदी लहान. तो पेप्टाइड होता.

पाच मण्यांची माळ

पेप्टाइड म्हणजे काय? प्रथिने ॲमिनो अम्लांची बनलेली असतात हे तुम्ही शिकला आहात. ॲमिनो अम्लांना मणी समजा. वीस प्रकारचे मणी आहेत. शेकडो मणी ओवून झालेली लांब माळ म्हणजे प्रथिन, थोड्या मण्यांची आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. आखूड असली तरी तिच्यात विविधता केवढी मावते पाहा. पाचच मण्यांची माळ करायची आणि प्रत्येक जागी वीसपैकी कोणताही मणी घेता येतो, तर २० × २० × २० × २० × २०, म्हणजे ३२,००,००० वेगवेगळ्या माळा होतात. निसर्गाला निरोप लिहायला ही लिपी पसंत पडली यात नवल नाही.

हयूज आणि कॉस्टर्लिट्झ यांचा पदार्थ नेमका पाच मण्यांचा निघाला. पहिले चार मणी ओळखता आले : टायरोसीन, ग्लायसीन, पुन्हा ग्लायसीन, फेनिलॲलॅनीन. पाचव्याशी मात्र गोंधळ होऊ लागला. उत्तर जुळेना. शेवटी लंडनचे हॉवर्ड मॉरिस यांनी मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूचे वस्तुमान अचूक मोजणारे यंत्र लावले तेव्हा उलगडा झाला. पदार्थ एक नव्हताच, दोन होते. एकाच्या शेवटी मेथिओनीन, दुसऱ्याच्या शेवटी ल्यूसीन, बाकी चार मणी तेच. डिसेंबर १९७५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. ‘डोक्यात असणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यांचे नाव एन्केफॅलिन ठेवले गेले.

मॉर्फीन आणि एन्केफॅलिन यांच्यात दिसायला साम्य काहीच नाही. एक चार-पाच कड्यांचा आवळलेला रेणू, दुसरा सैल माळ. मग एकाच कुलपात दोन्ही कसे बसतात? माळेच्या टोकाचे टायरोसीन पाहा. त्याच्यात एक षट्कोनी कडे आणि थोड्या अंतरावर एक नायट्रोजनचा अणू आहे. मॉर्फीनमध्येही तसेच कडे आणि तसाच नायट्रोजन जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. किल्लीची मूठ कशीही असो, दाते जुळले की झाले.

पुढची गंमत अशी. हे काम चालू असताना मॉरिस एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते डेरेक स्मिथ यांनी पडद्यावर बीटा-लायपोट्रोपिन या ९१ मण्यांच्या एका पेप्टाइडाचा क्रम दाखवला. पाहता पाहता मॉरिस यांच्या लक्षात आले की ६१ ते ६५ या जागांवर नेमके मेथिओनीनवाले एन्केफॅलिन बसले आहे! हे लांब पेप्टाइड कॅलिफोर्नियातील चो हाओ ली यांनी मेंढ्यांच्या पीयूषिका ग्रंथींतून दहा वर्षांपूर्वीच काढले होते. त्याचा उपयोग काय हे धड कोणालाच उमगले नव्हते. पुढे उंटांच्या पीयूषिका ग्रंथींत ली यांना या माळेचा ६१ ते ९१ हा ३१ मण्यांचा शेवटचा तुकडा स्वतंत्रपणे सापडला. १९७६ साली त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. हेच बीटा-एंडॉर्फिन. एंडॉर्फिन म्हणजे ‘आतले मॉर्फीन’.

१९७८ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक हयूज, कॉस्टर्लिट्झ आणि स्नायडर या तिघांना मिळाले. ग्राहींच्या प्रयोगात प्रत्यक्ष हात चालले होते ते कँडेस पर्ट यांचे, त्या वगळल्या गेल्या. त्यांनी उघड निषेध केला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मला विचाराल तर त्यांचा राग योग्य होता.

पेशीतला ऊस आणि त्याची कांडी

मज्जापेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. एका पेशीच्या टोकाशी विजेचा संदेश पोचला की तेथून रसायन बाहेर पडते, समोरची सूक्ष्म फट ओलांडते आणि पुढच्या पेशीच्या ग्राहीवर बसते. ग्लुटामेट, ॲसिटिलकोलिन ही अशी नेहमीची रसायने. ती टोकाशीच तयार होतात, सहस्रांश सेकंदात काम उरकतात, आणि त्यांचा पुष्कळसा माल परत आत घेऊन पुन्हा वापरला जातो.

पेप्टाइडांचा व्यवहार निराळा आहे. ती पेशीच्या मध्यवर्ती भागात बनतात, आणि सुटी बनत नाहीत. आधी लांब प्रथिनाचा अख्खा ऊस तयार होतो, मग विकरे ठराविक पेरांवर त्याची कांडी पाडतात. बीटा-एंडॉर्फिन ज्या उसाचे कांडे आहे त्याची पूर्ण रचना १९७९ साली जपानच्या शास्त्रज्ञांनी शोधली. तेव्हा दिसले की त्याच उसातून ताणतणावाच्या वेळी लागणारे एक संप्रेरकही निघते. संकटाला तोंड देण्याची तयारी आणि वेदना सोसण्याची तयारी, दोन्ही एकाच प्रथिनातून! एन्केफॅलिनचा ऊस मात्र वेगळाच आहे, हे १९८२ मध्ये कळले. बीटा-लायपोट्रोपिनमध्ये तो क्रम दिसत असला तरी शरीर एन्केफॅलिन मुख्यतः तेथून काढत नाही.

तयार माल पिशव्यांत भरून मज्जातंतूच्या टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. ही वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर वेगाने चालते. आता गणित करा. तुमच्या कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू साधारण एक मीटर लांबीचा आहे. तेथल्या टोकाला पेप्टाइड पोचायला अडीच ते पाच दिवस लागतील. टोकाशी वापरून झालेले पेप्टाइड परत घेण्याची सोयही नाही. म्हणून पेशी ती जपून वापरते. एखाददुसऱ्या संदेशाने पेप्टाइड बाहेर पडत नाही, संदेशांचा भडिमार व्हावा लागतो. एकदा बाहेर पडले मात्र की ते दूरवर पसरते आणि त्याचा परिणाम काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत टिकतो. ग्लुटामेट हा दारावरची टकटक असेल तर पेप्टाइड म्हणजे गावभर फिरलेली दवंडी.

आता चटका बसल्यावर काय होते ते पाहू. तापल्या तव्याला बोट लागले की वेदनेचे तंतू तो संदेश मज्जारज्जूत आणतात. तेथे त्यांच्या टोकांतून ग्लुटामेट बाहेर पडते, आणि चटका जोराचा असेल तर ‘पदार्थ पी’ नावाचे ११ मण्यांचे पेप्टाइडही. पुढची पेशी उत्तेजित होते आणि संदेश मेंदूकडे जातो. पण त्याच ठिकाणी एन्केफॅलिन सोडणाऱ्या छोट्या पेशी आहेत आणि मेंदूकडून खाली येणारे तंतू त्यांना जागे करू शकतात. एन्केफॅलिन दोन बाजूंनी काम करते. वेदनातंतूच्या टोकावरील ग्राहींवर बसून ते तेथली कॅल्शियमची दारे बंद करते. कॅल्शियम आत आले नाही की रसायन बाहेर पडत नाही. पुढच्या पेशीवर बसून ते पोटॅशियमची दारे उघडते, त्यामुळे ती पेशी उत्तेजित व्हायला अवघड होते. संदेश वाटेतच विरतो. कबड्डीच्या अटीतटीच्या डावात गुडघा फुटलेला कळत नाही आणि डाव संपल्यावर ठणका लागतो, त्यात या यंत्रणेचा वाटा आहे.

‘पदार्थ पी’ची स्वतःची कथाही सांगण्याजोगी आहे. १९३१ साली लंडनमध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या आतड्यांतून व मेंदूतून तो काढला. चाळीस वर्षे त्याची रचना कळली नव्हती, ती सुझन लीमन यांनी १९७० च्या सुमारास उलगडली. लवंगी मिरचीतला तिखट घटक वेदनातंतूंतून हेच पेप्टाइड बाहेर काढतो. तर मग ‘पदार्थ पी’चा ग्राही अडवणारे औषध काढले की वेदना थांबेल, असे सर्वांना वाटले. औषधे निघाली, प्राण्यांत आशा दिसली, माणसांच्या वेदनेवर ती चालली नाहीत. पण त्यांपैकी एक, ॲप्रेपिटंट, कर्करोगाच्या उपचारात होणाऱ्या ओकाऱ्या थांबवते असे आढळले आणि २००३ पासून ते त्यासाठी वापरात आले. नेम वेदनेवर होता, लागला ओकारीवर.

साखरेच्या पाण्याची करामत

डॉक्टरांनी औषध म्हणून नुसते पाणी टोचले तरी काही रोग्यांचे दुखणे कमी होते. लोक याला मनाचे खेळ म्हणत. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केला. बनावट औषधाने ज्यांना आराम वाटला होता त्यांना, त्यांच्या नकळत, नॅलॉक्झोन दिले. दुखणे वाढले! आपला जुना साक्षीदार पुन्हा साक्ष देऊन गेला. ‘आता बरे वाटेल’ या अपेक्षेने मेंदू आपली अफू खरोखरच सोडत होता. अपेक्षेमागे सर्वस्वी एन्केफॅलिन-एंडॉर्फिनच असतात असे नाही, पण हे दुखणे खोटे होते, किंवा आराम खोटा होता, असे यानंतर कोणाला म्हणता येईना.

न फळलेली आशा

१९७५ साली सगळ्यांच्या मनात एकच विचार होता. मॉर्फीनने व्यसन लागते, कारण ते परके आहे. शरीराचे स्वतःचे औषध मिळाले आहे, त्याने व्यसन लागणार नाही. कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्यांसाठी आणि अफूच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी ही केवढी मोठी आशा होती!

पुढच्याच वर्षी ती मावळली. उंदरांच्या मेंदूत ही पेप्टाइडे सतत सोडत ठेवली आणि मग थांबवली, तेव्हा मॉर्फीन तोडल्यावर होतात तशीच लक्षणे त्यांच्यात दिसली. विचार केला तर यात आश्चर्य नाही. कुलूप एकच आहे. ते रात्रंदिवस उघडे राहिले तर पेशी स्वतःत बदल करून घेते, मग किल्ली घरची असो की बाहेरची. शरीराची अफू आपल्याला व्यसनी करत नाही, कारण ती थोडी, ठराविक जागी आणि क्षणभरच सुटते. विकरे काही मिनिटांत तिचे तुकडे करतात. औषध या नात्याने हाच तिचा मोठा दोष.

आणखी दोन अडचणी आहेत, त्या तुम्ही नीट समजून घ्या. पेप्टाइड तोंडाने घेतले तर पोटातील पाचकरस त्याला डाळीतल्या प्रथिनासारखेच पचवून टाकतात. इन्शुलिन टोचावे लागते ते यामुळेच. टोचून रक्तात सोडले तरी मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती अशा घट्ट सांधलेल्या आहेत की बहुतेक पेप्टाइडे पलीकडे जाऊ शकत नाहीत. मेंदू तल्लख करणारी पेप्टाइडची गोळी किंवा पूड म्हणून कोणी काही विकू लागले, तर ते पोटातून आणि या भिंतीतून पार कसे जाते एवढे त्याला विचारावे.

हीच भिंत एका लोकप्रिय समजुतीच्याही आड येते. धावल्यानंतर वाटणारा हुरूप एंडॉर्फिनमुळे असतो असे सर्रास छापले जाते. व्यायामाने रक्तातले बीटा-एंडॉर्फिन वाढते हे खरे. पण रक्तातले म्हणजे मेंदूतले नव्हे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात धावणाऱ्यांना नॅलॉक्झोनचे भावंड असलेले नॅल्ट्रेक्झोन दिले, तरी त्यांचा हुरूप कमी झाला नाही.

मग हाती काहीच आले नाही का? फ्रेंच शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा करून पाहिला. बाहेरून एन्केफॅलिन देण्याऐवजी, शरीरातल्या एन्केफॅलिनचे तुकडे करणारे विकरच अडवले तर? असा पदार्थ १९८० मध्ये त्यांनी तयार केला आणि त्यावरूनच पुढे रेसकॅडोट्रिल हे औषध निघाले. ते मेंदूवर फारसे चालत नाही, पण आतड्यात एन्केफॅलिन टिकवून धरते, त्यामुळे आतड्यातून पाझरणारे पाणी कमी होते. लहान मुलांना जुलाब झाले की क्षार-साखरेच्या पाण्याच्या जोडीला डॉक्टर कधी कधी एक पुडी लिहून देतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अशा काही पुड्यांवर रेसकॅडोट्रिल हे नाव तुम्हांला वाचायला मिळेल.